बँकॉकमधल्या अनोळखी माणसांचे आभार

आमची पोरगी पाठीवर बॅग घेऊन एकटीच बँकॉक फिरायला गेली आणि सुखरूप दारव्ह्याला परत आली. ज्यांनी तिला सांभाळलं, त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

ग्रँड पॅलेसजवळ एकजण तिला गोड बोलून सांगत होता, "राजवाडा आज बंद आहे, टुकटुकनं स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो." (टुकटुक म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा.) फळं विकणाऱ्या मावशीनं लांबूनच हात हलवून नको म्हटलं आणि दरवाजाकडे बोट दाखवलं. राजवाडा उघडाच होता! अशी टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात नेते आणि हलके खडे भारी भावात गळ्यात मारले जातात, हे हॉस्टेलमधल्या ताईनं नंतर समजावलं. तिनंच टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर कागदावर लिहून दिला, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या खिशात ठेवायला लावली.

अयुथ्या हे जवळचं जुनं शहर बघून रात्री ती बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनवर उतरली, तर मोबाइल बंद. नारिंगी जाकीटवाल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्या दादानं भाडं आधीच सांगितलं, हेल्मेट दिलं आणि हॉस्टेलचं दार उघडेपर्यंत तो तिथंच थांबला. दादा, परक्या लेकीसाठी कोण एवढं थांबतं?

इकडे तिचा फोन लागेपर्यंत शेजारच्या काकू तिच्या आईजवळ बसून होत्या. त्यांचेही आभार.

आम्ही कास्तकार माणसं. तुमच्यापैकी कोणी विदर्भात आलं, तर हक्कानं आमच्याकडे जेवायला या.