पंपावर पैसे अडकले तर चिठ्ठी मिळावी

संपादक महोदय,

मी गिरणारे भागातला भाजीपाला पिकअपमधून दिंडोरी रोडच्या बाजार समितीत पोहोचवतो. माल उतरला की परतीच्या वाटेवर डिझेल भरायचे, हा आम्हा गाडीवाल्यांचा नेहमीचा क्रम. डिझेलचे पैसे आता बहुतेक जण मोबाइलनेच देतात आणि मला ही सोय मनापासून पटली आहे. रात्री खिशात रोकड बाळगावी लागत नाही, सुट्ट्यांवरून वाद होत नाही, महिन्याला डिझेलवर किती गेले तेही लगेच दिसते.

पण पैसे मध्येच अडकले की चालकाला कोणी वाली नसतो. मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका पंपावर दीड हजारांचे डिझेल घेतले. कोड स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला. पंपावरचा स्पीकर मात्र बोललाच नाही. मेसेज दाखवला तरी तिथला मुलगा ऐकेना. त्याला दोष देत नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे लोक असतात, आणि हिशेबात तूट आली तर ती पगारातून कापतात, असे त्याने सांगितले. मागे गाड्यांची रांग, हॉर्न सुरू. शेवटी भाड्याचे रोख मिळालेले पैसे त्याच्या हातावर ठेवले, तेव्हा गाडी निघाली. एकाच डिझेलचे पैसे दोनदा गेले आणि दोनदा दिल्याचा कागद मात्र एकही नाही. खात्यातले पैसे काही दिवसांनी परत आले, पण गाडीचा हप्ता तोंडावर असताना तेवढे दिवस ते कुठे आहेत हे कोणी सांगू शकले नाही.

याचा नियम आहे, हे नंतर पुतणीने शोधून दाखवले. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना ग्राहकाची रक्कम कापली गेली आणि दुकानदाराला खात्रीचा संदेश मिळाला नाही, तर ती रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. बाजार समितीच्या आवारात मी कितीतरी चालकांना विचारले. कोणालाच हे ठाऊक नव्हते.

पंपावर मोफत हवा, पिण्याचे पाणी, पाच लिटरच्या मापाची तपासणी यांचे फलक असतात. त्यांच्याच शेजारी हा नियम मराठीत लिहिला तर कितीसा खर्च येणार? त्याहून महत्त्वाची आहे चिठ्ठी. पैसे अडकले आणि चालकाने रोख दिले, तर गाडीचा नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक) लिहून पंपाचा शिक्का मारलेली चिठ्ठी त्याला मिळाली पाहिजे. अडकलेली रक्कम कधी कधी उशिराने पंपाच्याच खात्यात जमा होते. तेव्हा चिठ्ठी नसेल तर रोख परत मागायची कशाच्या जोरावर? ती कामगारालाही उपयोगी पडेल, तुटीचे कारण त्याला मालकापुढे कागदावर दाखवता येईल.

हे नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी होणे फार गरजेचे आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे. २०१५ च्या सिंहस्थात यूपीआय नव्हतेच, ते २०१६ मध्ये आले. म्हणजे मोबाइलने पैसे देणारी गर्दी नाशिकच्या पंपांवर पर्वणीच्या काळात पहिल्यांदाच उतरणार. एवढ्या लोकांत नेटवर्क कोलमडले तर परराज्यातून आलेला बसचालक पैशांसाठी पुन्हा इथे कसा येणार? जिल्हा प्रशासनाने तेल कंपन्यांची बैठक घ्यावी, चिठ्ठीचा एकच नमुना ठरवावा आणि पुस्तके छापून द्वारका, आडगाव, पेठ रोड, त्र्यंबक रोड इथल्या पंपांवर आधी पोहोचवावीत.

– एक पिकअपचालक, गिरणारे, ता. जि. नाशिक