मेम्ब्रेन बदलण्याआधी पाणी तपासा

महोदय,
आरओ जलशुद्धीकरण संयंत्राचे पाणी कमी येऊ लागले की थेट मेम्ब्रेनच (क्षार अडवणारा बारीक पडदा) बदलायची, ही पद्धत मला खटकते. १०० लिटरांतून ७५ लिटर शुद्ध पाणी काढले की उरलेल्या २५ लिटरांत क्षार जवळजवळ चौपट होतात; मेम्ब्रेनलगत त्याहूनही जास्त. मग कॅल्शियम कार्बोनेट, जिप्सम, सिलिका ही पाण्यातली खनिजे तिथेच थर धरून बसतात. कार्बोनेट आम्लाने सुटते, जिवाणूंच्या बुळबुळीत थराला अल्कलीचे द्रावण लागते, आणि सिलिका एकदा घट्ट बसली की निघणे फार कठीण. म्हणून शुद्ध पाण्याचा प्रवाह १० ते १५ टक्के घटताच धुलाई व्हायला हवी. (थंड पाणी तसेही कमी झिरपते, तो फरक आधी वजा करावा.) संयंत्र विकणाऱ्यांनी तर कच्च्या पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय किती टक्के पाणी काढायचे हे ठरवूच नये.

– एक वाचक