अपात्र या शेऱ्यानंतर

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या काही आठवड्यांत खेड्यापाड्यांतील धर्मांतराविषयी बरीच पत्रे छापून आली. विदर्भातील गरीब आणि अडचणीत सापडलेल्या माणसांना पैसा, धान्य किंवा औषधपाण्याचे आमिष दाखवून ख्रिस्ती केले जाते आणि अशी माणसे आपली मुळे हरवून बसतात, असा त्यांतील बहुतेक पत्रांचा सूर होता. लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. परंतु ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले गेले, त्यांपैकी एकाचेही म्हणणे त्यांत आले नाही. मी त्यांतलीच एक आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी कापसाच्या पट्ट्यातील एका लहान गावात राहते आणि तिथल्या अंगणवाडीत सेविका म्हणून काम करते. २००७ च्या उन्हाळ्यात, कापूस विकून हिशेब मांडल्यावर, माझ्या पतीने आत्महत्या केली. त्या वेळी माझे वय सव्वीस होते आणि मुलगी चार वर्षांची होती. आदल्या वर्षीच्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान विदर्भात येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले होते. त्यामुळे आमच्यासारख्या घरी अधिकारी, पत्रकार आणि संस्थांच्या लोकांची ये-जा त्या काळी बरीच असे. पंचनामा झाला, जबाब झाले, सातबारा आणि कर्जाचे कागद गोळा करून प्रकरण मदतीसाठी पाठवले गेले. मदत एक लाखाची असे. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. मात्र कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. आमचे कर्ज होते कृषी केंद्रातील उधारीचे आणि विनापरवाना सावकारी करणाऱ्या एका माणसाचे, ज्याने कधी चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती. काही महिन्यांनी कळले की प्रकरण ‘अपात्र’ ठरले आहे.

पैसे मिळाले नाहीत याचे दुःख मोठे होतेच, कारण पुढच्या पेरणीचे बियाणे त्यावर अवलंबून होते. पण त्याहून खोल गेला तो शब्द. ज्या माणसाने रात्री ओलिताला जागून, पहाटे बैल जुंपून आयुष्य काढले, त्याचे मरणसुद्धा शेतकऱ्याचे मरण म्हणून धरले गेले नाही, आणि त्याच्या मागे राहिलेली मी कोण, हेही कोणी सांगू शकत नव्हते. गावात मला कोणी ‘आत्महत्यावाली’ म्हणे, कोणी ‘बिचारी’ म्हणे. आपल्याकडे लग्नात मुलीचे माहेरचे नाव बदलतात आणि ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहितात. माझे ते नवे नाव हाक मारणाऱ्याबरोबर गेले होते, आणि माहेरचे नाव तर सात वर्षांत कोणी उच्चारलेच नव्हते. संक्रांतीला शेजारच्या अंगणात हळदीकुंकू चालले असताना मी दार लावून घेत असे. ज्या बाया मला बोलावत नव्हत्या त्या वाईट नव्हत्या. अशा बाईचे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

त्या दिवसांत गावातील एक वृद्ध मावशी रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागल्या. तरुणपणी त्यांनी एका मिशन दवाखान्यात आया म्हणून काम केले होते आणि निवृत्त झाल्यावर त्या भावाच्या घरी गावात परतल्या होत्या. त्या आल्या की मुलीची वेणी घालत, चुलीवरचे भांडे उतरवून ठेवत आणि फारसे बोलत नसत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, “तुयं माहेरचं नाव काय वं माय?” मी ते सांगितले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला त्याच नावाने हाक मारली. धर्माविषयी त्या पहिले कित्येक आठवडे एक अक्षर बोलल्या नव्हत्या, हे मी मुद्दाम नोंदवते.

नंतर एका रविवारी मी आपणहून त्यांच्यासोबत गेले. टिनाच्या छपराची एक खोली, खाली सतरंजी, एक ढोलकी, झांजा आणि आठ-दहा घरांतली माणसे. त्या दिवशी जक्कयाची गोष्ट वाचली गेली. जक्कय हा यरीहो गावचा जकात वसूल करणारा, पैशाने सधन पण गावाने टाकलेला आणि उंचीने ठेंगणा. येशू गावातून जात असताना गर्दीमुळे तो दिसेना, म्हणून हा माणूस उंबराच्या झाडावर चढला. येशू त्या झाडाखाली आला, त्याने वर पाहिले, त्याला नावाने हाक मारून लवकर खाली उतरायला सांगितले आणि म्हणाला की आज मला तुझ्याच घरी उतरायचे आहे. आमच्या गावच्या नाल्यावरही उंबर आहे. त्या देशातला तो वृक्ष अगदी आपला उंबर नव्हे, परंतु त्याच कुळातला. त्याचीही फळे आपल्या उंबरासारखी खोडालाच लगडतात. ती गोष्ट ऐकताना मला नाल्यावरचेच झाड दिसत होते. माणसाचा जुना हिशेब तपासण्याच्या आधी त्याला नावाने हाक मारणारा आणि घरी येतो म्हणणारा कोणी असू शकतो, ही गोष्ट माझ्यासाठी सर्वस्वी नवी होती, कारण माझ्या घरी आजवर जे आले ते हिशेब तपासायलाच आले होते.

त्यानंतर तीन वर्षे मी ऐकत राहिले, वाचत राहिले, भांडलेसुद्धा. देव दयाळू असेल तर माझ्या नवऱ्याच्या हातातला विषाचा डबा त्याने का काढून घेतला नाही, हे मी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, सर्वांसमोर विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. ते माझ्याजवळ बसून राहिले. ठरीव उत्तर मिळाले असते तर मी कदाचित परत गेले नसते. २०१० मध्ये मी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी प्रभुभोजनाच्या आधीच्या प्रार्थनेत पाळक म्हणाले, “प्रभू, आम्ही सर्व जण तुझ्या कृपेस अपात्र आहोत.” तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या कागदांवर बसलेला शेरा तिथे बसलेल्या प्रत्येकाने, पाळकांनीसुद्धा, स्वतःच्या तोंडाने स्वतःला लावून घेतला, आणि त्यानंतर भाकरीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांचा रस कोणालाही न वगळता सर्वांच्या हाती दिला गेला. पतीच्या मृत्यूनंतर चारचौघांच्या पंगतीत, कोपऱ्यात न बसता, मी प्रथम तिथे बसले. कृपा या शब्दाचा अर्थ मला पुढे पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे समजावून सांगितला. मला तो त्या पंगतीत कळला.

आता आमिषाविषयी. असे प्रकार कोठेच घडले नसतील असे मी म्हणणार नाही, आणि जिथे घडले असतील तिथे त्यांचा निषेध पहिल्यांदा आम्हीच केला पाहिजे. परंतु मला एक रुपयाही मिळाला नाही. उलट रविवारच्या दानपेटीत मी माझ्या मानधनातून टाकते. आमच्या मंडळीत जे बंधू-भगिनी अनुसूचित जातींतून आले, त्यांनी तर गमावलेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम जवळजवळ केवळ हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो सर्व राज्यांतील शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला तो आजही नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीवर आणि नोकरीतल्या राखीव जागेवर पाणी सोडून जो माणूस त्या सतरंजीवर येऊन बसतो, तो कशाच्या लोभाने येतो, हे पत्रलेखकांनी त्याच्या घरी जाऊन एकदा विचारावे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हा विश्वास बाहेरून आला हे खरे आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले, त्यांच्या येण्यापासून धरले तरी विदर्भाच्या मातीत या विश्वासाला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली. पण मला इंग्रज किंवा स्कॉटिश माणसांपेक्षा आपली माणसे अधिक जवळची वाटतात. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि पुढे १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधुनिक मराठी ख्रिस्ती कवितेचा एक उगम आमच्याच रेल्वेमार्गावर शोधावा लागतो. त्यांची गीते आम्ही अभंगाच्या चालीवर, ढोलकीच्या साथीने म्हणतो, आणि आमच्या बायांना त्यासाठी नवी चाल शिकावी लागत नाही, कारण ती त्यांच्या कानांत लहानपणापासूनच असते. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले ते साध्या बायांना कळावे म्हणून. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. मूळ हरवण्याची भीती घालणाऱ्यांनी ही भाषा एकदा ऐकावी.

टिळकांपेक्षाही मला लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर फुटले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि पतीकडे परतल्यावरही ते ख्रिस्ती झाले म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद माणसाने केला आहे असे स्वतःच्या मनाला पटल्यावरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या काळी बाईचे नाव, गोत्र, देव सगळे नवऱ्याकडून येत असे, त्या काळी एका बाईने आपला विश्वास मात्र नवऱ्याकडून आयता घेतला नाही. माझ्या बाबतीत तर नवराही नव्हता. लग्नात मिळालेली ओळख गेली, सरकारने दिलेली ओळख अर्धवट राहिली, आणि जी उरली ती मी स्वतः होऊन स्वीकारली, म्हणून ती माझी आहे.

हे लिहीत असताना सासूबाई ओसरीवर बसल्या आहेत. त्या गजानन महाराजांच्या भक्त आहेत आणि दर गुरुवारी त्यांचा उपवास असतो. त्यांचे हात आता कापतात, त्यामुळे देवाच्या दिव्याच्या वाती मी घरच्या कापसातून वळून देते. यावर आमच्याच मंडळीतील एक-दोघांनी हरकत घेतली होती. मी त्यांना सांगितले की मी दिवा लावत नाही आणि पूजा करत नाही, पण म्हातारीच्या हाताचे काम करायला मला ख्रिस्तानेच शिकवले आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या. त्या वर्षीच्या नाताळाला मात्र त्यांनी न सांगता करंज्या करून मंडळीत पाठवल्या, आणि आजतागायत त्यात खंड पडलेला नाही.

आमच्यातही दोष आहेत. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिले की ख्रिस्तामध्ये यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही, आणि तरीही ख्रिस्ती घरांत सोयरिकीच्या वेळी ‘मूळचे कोण’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. माझ्या मुलीसाठी आलेल्या एका स्थळाने तो विचारला आणि आम्ही ते स्थळ सोडून दिले. जी जात सतरंजीवर बसताना दाराबाहेर राहते, ती लग्नाच्या बैठकीत आत येते, ही आमची लाज आहे.

आता मूळ मुद्द्याशी जोडलेली एक विनंती. मावशी २०१९ च्या पावसाळ्यात वारल्या. गावात दफनासाठी जागा नसल्यामुळे त्यांना तालुक्याच्या गावच्या जुन्या मिशन कबरस्तानात, तीस किलोमीटरवर, टेम्पोने न्यावे लागले. टेम्पो निघेपर्यंत सारे गाव पावसात उभे होते, आणि ज्या गावाने त्यांना असा निरोप दिला, त्या गावात त्यांच्यासाठी सात हात माती निघाली नाही. दफनाची रीत केवळ ख्रिस्ती किंवा मुसलमान लोकांची नाही. गोसावी आणि लिंगायत समाजांत ती आहे, काही आदिवासी समाजांत आहे, आणि तान्ही मुले तर जवळजवळ सर्वांकडेच पुरली जातात. तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने स्मशानभूमीलगत थोडी जागा दफनासाठी राखून तिची नोंद करावी, याचा आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. अशा जागेसाठी केलेल्या आमच्या अर्जावर अन्य समाजांतील लोकांच्याही सह्या आहेत. दरवर्षी मी त्याची चौकशी करते. मागितलेली जागा नाल्याच्या वरच्या अंगाला, उंबराच्या पलीकडे आहे आणि तिथे कोणाचेही अतिक्रमण नाही.

माझे नाव, पत्ता आणि अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. अर्जाचा उपयोग आपण अवश्य करावा. नाव मात्र छापू नये, कारण माझी मुलगी सध्या परिचारिकेचे शिक्षण घेत आहे आणि तिच्या वसतिगृहात तिला सगळ्या जणी तिच्या नावानेच ओळखतात.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका