तेरची पांढरी आधी वाचवा, पार्क नंतर करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावाचा विषय निघाला की आमच्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, इथं मोठं पार्क करा, पुतळे बसवा, लेझर शो लावा, पब्लिक आपोआप येईल. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त कोरियात उल्सानला असतात, त्यांच्याकडं गेले होते तेव्हा जवळच्या ग्योंगजू शहरात फिरणं झालं आणि तेव्हापासून या पार्कच्या मागणीबद्दल लिहायचं डोक्यात होतं.

ग्योंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी, इ.स. ९३५ पर्यंत जवळजवळ हजार वर्षं. तिथं बोमुन तलावाजवळ मोठं कल्चर पार्क आहे, त्यात ८२ मीटर उंच काचेचा टॉवर आहे आणि टॉवरच्या मधोमध नऊ मजली पॅगोड्याच्या आकाराची आरपार पोकळी ठेवलीय. तो खरा पॅगोडा लाकडाचा होता, ह्वांगन्योंगसा मठातला, ६४५ साली बांधलेला, १२३८ मध्ये मंगोलांच्या स्वारीत जळाला. जे गेलं त्याची रिकामी जागाच लोकांना दाखवायची ही कल्पना मला फार आवडली. पण जीव रमला तो गावातल्या टेकाडांत.

शहराच्या अगदी मध्यात देरुंगवॉन नावाची बाग आहे, तिच्यात २३ टेकाडं आहेत, पालथ्या टोपल्यांसारखी, वर बारीक कापलेलं गवत, आणि ही सगळी सिल्लाच्या राजेलोकांची थडगी. चढायला बंदी, लोक खालच्या वाटेनं फिरतात, पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळी. त्यातलं चॉनमाचोंग १९७३ मध्ये खोदलं तर ११ हजारांवर वस्तू निघाल्या, सोन्याचा मुकुट निघाला, भूर्जाच्या सालीवर रंगवलेला उडता पांढरा घोडा निघाला. आता आत जाऊन बघता येतं, टेकाड उभं चिरल्यासारखं दिसतं, मधे लाकडी खोली, तिच्यावर गोट्यांचा मोठा ढीग आणि मग माती. मी तिथं बराच वेळ उभी होते, जावई बोलवायला आला. अहो, त्या शहरात पेट्रोल पंपालासुद्धा जुन्या पद्धतीचं कौलारू छप्पर आहे!

आता आपलं तेर बघा. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या लेखी पैठण आणि तगर ही दक्षिणेतली दोन मोठी व्यापारी शहरं, तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजे आपलं तेर. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून वारकरी येतात, त्रिविक्रमाचं देऊळ मूळचं विटांचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, आहे असं अभ्यासक मानतात, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपल्या म्हणून आज तिथं म्युझियम उभं आहे. एका माणसाच्या ध्यासानं एवढं झालं.

पण ज्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांतून, हे सगळं निघालं तिचं काय? माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर टाकायला पांढरी माती लागते, शेतात टाकायला लागते, हे मला कळतं, आमच्या वाड्यावरही तीच माती होती. गरिबाला नावं ठेवायची नाहीत. पण पूर्वी लोक टोपलीनं न्यायचे, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आलेत, मराठवाड्यातल्या कितीतरी गावची पांढरी अशीच कोरून संपली आणि एकदा संपली की परत कुठून आणणार. मातीत खापरं, मणी, जुन्या विटा कुठल्या थरात होत्या हेच तर महत्त्वाचं असतं, ट्रॉलीत भरल्यावर त्याला काही अर्थ राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की टॉवर, पुतळे, लेझर सगळं नंतर बघू. संबंधित खात्यानं येत्या पावसाळ्याच्या आत तेरच्या टेकाडांची मोजणी करून हद्दीला खांब रोवावेत, तिथं साध्या मराठीत बोर्ड लावावा की इथं काय आहे आणि माती का उचलायची नाही, म्युझियम ते त्रिविक्रम ते गोरोबाकाकांचं मंदिर अशी चालायची चांगली वाट करावी, आणि ज्यांना मातीची खरंच गरज आहे त्यांना दुसरीकडची माती घेऊ द्यावी. गावातली चार शिकलेली पोरं गाईड म्हणून तयार केली तर त्यांनाही काम मिळेल, वारीला आलेले लोक तासभर जास्त थांबतील. याला काही कोटी लागत नाहीत.

आपली,
एक वाचक, धाराशिव