मधुमेहींच्या हिरड्या तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

टाइप २ मधुमेहाच्या तपासणीत साखर मोजतात, गोळ्या वेळेवर घेता का ते विचारतात आणि पुढची तारीख देतात. साखर मोजायलाच हवी. पण या आजारात वर्षानुवर्षे आत धुमसणारा दाह, म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेची न थांबणारी झुंज, हृदयाला, मूत्रपिंडांना, रक्तवाहिन्यांना पोखरत असतो. तो कशामुळे पेटता राहतो, याची विचारपूस सहसा होत नाही.

बऱ्याच जणांत त्याची सुरुवात पोटातल्या चरबीत होते. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांना प्राणवायू कमी पडतो, काही मरतात, आणि मेलेल्या पेशींभोवती पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मॅक्रोफेज, गोळा होतो. तिथून टीएनएफ-अल्फासारखी रसायने सुटतात आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोहोचू देत नाहीत. लठ्ठ उंदरांच्या चरबीत हे रसायन वाढलेले असते आणि ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिन अधिक चांगले काम करते, हे १९९३ मध्येच दिसले होते. म्हणजे दाहामुळे साखर वाढते. वाढलेली साखर पुन्हा प्रथिनांना चिकटून नवा दाह निर्माण करते. हे चक्र नुसत्या गोळीने पुरते तुटत नाही.

दाहाचा आणखी एक उगम मात्र तोंड उघडताच दिसतो, आणि मला सर्वांत जास्त खंत त्याचीच वाटते. हिरड्यांचा जुनाट आजार मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. दाताभोवतीच्या फटींमधले जंतू आणि त्यांच्याशी चाललेली शरीराची झुंज यांचा परिणाम रक्तात उतरतो, आणि साखर आवरणे आणखी अवघड होते. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात हिरड्यांवरील उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, सरासरी सुमारे ०.४ टक्के-अंकांनी उतरलेले दिसले. हा आकडा लहान नाही. तरीही हिरड्यांतून रक्त येते का, हे मधुमेहाच्या तपासणीत किती ठिकाणी विचारले जाते?

अपुरी झोप, झोपेत श्वास अडणे आणि तंबाखू हीदेखील कारणे आहेतच.

दाहावरचे महागडे औषध सगळ्यांना द्या, असे माझे म्हणणे नाही. कॅनाकिनुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत २०१७ मध्ये हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, आणि नव्याने होणारा मधुमेहही त्याने थांबला नाही. सरसकट सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचाही आग्रह नाही. साध्या तापातही सीआरपी वाढते, आणि दाह नेमका कुठे आहे हे ती सांगत नाही.

मागणी एवढीच आहे. मधुमेहाच्या प्रत्येक केसपेपरवर चार नोंदी सक्तीच्या करा : कमरेचा घेर, हिरड्यांची अवस्था, झोप आणि तंबाखू. हिरड्या खराब दिसल्या तर रुग्णाला त्याच दिवशी दंतविभागात पाठवा आणि तिथले उपचार मधुमेहाच्या उपचारांचाच भाग धरा, म्हणजे त्यांचा खर्च वेगळा पडणार नाही. परिचारिकांना हिरड्या पाहायला शिकवणे अवघड नाही, त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही. लागतो तो आपल्या खात्याचा लेखी आदेश. तो कधी निघेल, हे कृपया जाहीरपणे सांगावे.

आपला विश्वासू,
एक मधुमेही नागरिक