तुमचा पंचा माझ्याकडेच राहिलाय

रविवारी वेळासजवळच्या, खडकांआडच्या छोट्या पुळणीवर आम्ही सहा जण कचरा गोळा करत होतो. बाटल्या, थर्माकोल, चपला (सगळ्या डाव्याच कशा?) असं करत अकरा गोणी भरल्या. वाळूत रुतलेलं नायलॉनचं जाळं मात्र निघेना. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे ते तसंच टाकून जाववेना. त्या नादात भरती चढली, खडकातली वाट बुडाली. त्यात अमावास्येचं उधाण.

तुम्ही दोघं होडी घेऊन आलात. कोयत्याने जाळं तोडून होडीत चढवलंत, माझ्या कापलेल्या तळव्याला स्वतःचा पंचा बांधलात. डिझेलचे पैसे पुढे केले तर काका म्हणाले, "जाळी आमच्यासारख्यांचीच ना? राहू द्या."

मनापासून आभार. पंचा धुऊन ठेवलाय; रक्ताचा डाग तेवढा गेला नाही.