तीन भोकं आणि एक चीर

बेळगुंदी, ता. बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "किडनी देताना किती कापतात रे?" आणि मी "काय नाही की, तीन भोकं" म्हणून मोकळा झालो. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती, रताळ्याची पोती मोजायची होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, मी तुला खोटं सांगितलं. अगदी खोटं नव्हे, पण शाळेत गुरुजींना निम्मंच सांगायचो ना आपण, तसलं. गेल्या वर्षी मी अक्काला, माझ्या बहिणीला, किडनी दिली; आता तू आपल्या बायकोला, आमच्या वहिनींना, द्यायचं ठरवलंयस, रक्तगटही जुळलाय. मग उरलेलं निम्मं तुला कळायलाच हवं.

आधी कापण्याचंच. मुठीपेक्षा मोठी किडनी बोटाएवढ्या भोकातून बाहेर येईल कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं पेनानं एक पोट काढलं. त्यावर तीन-चार बारीक भोकं. एकातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पोट भाकरीसारखं फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. किडनी आजूबाजूच्या चरबीतून सोडवायचं सगळं काम या भोकांतून, समोरच्या पडद्यावर बघत चालतं. पण ती बाहेर येते ती ओटीपोटावर घेतलेल्या सहा-आठ सेंटीमीटरच्या आडव्या चिरेतून. बायकांच्या सिझरची चीर असते बघ, तिथंच. आजारी किडनी असेल तर आतल्या आत तुकडे करूनही काढता येते. ही दुसऱ्याच्या पोटात जाऊन कामाला लागायची असते, ती अख्खीच यायला हवी. म्हणजे तीन भोकं आणि एक चीर. ही चीर मी फोनवर गिळली होती.

माझी डावी काढली. डाव्या किडनीची शीर लांब असते, पलीकडं जोडायला सोपं जातं, म्हणून जमेल तिथं डावीच घेतात. सगळं सोडवून झालं की शेवटी आधी धमनी, मग शीर बंद करून कापतात, आणि तिथून पुढं घाई. किडनी बाहेर काढून बर्फात ठेवून थंड द्रावणानं धुवायची, हे काही मिनिटांत उरकावं लागतं. शेजारच्या थिएटरात अक्का झोपलेली. तिला ती खाली, उजव्या जांघेच्या वर बसवली. तिच्या स्वतःच्या दोन्ही तशाच आत ठेवल्यात, त्या काढत नाहीत. आता अक्का तीन किडन्यांची मालकीण आहे, आणि भावजी तिला "श्रीमंत" म्हणून हाक मारतात.

आमच्या काकांचं तुला आठवतं का? त्यांनी 1993 साली मुंबईला जाऊन आपल्या पोराला किडनी दिली. विहिरीवर आंघोळीला उतरले की आपण पोरं टक लावून बघायचो. पाठीकडून बरगडीखालून पोटापर्यंत आलेली ती चीर, जाड, दोरखंडासारखी. बरगडीचं टोकही कापलं होतं. अमेरिकेत 1990 साली सेंट लुईसला डॉ. क्लेमन यांनी दुर्बिणीनं पहिली किडनी काढली, पण ती रोगी किडनी होती. धडधाकट माणसाची, दुसऱ्याला द्यायची किडनी तशी काढायला 1995 उजाडलं. बाल्टिमोरला डॉ. रॅटनर आणि डॉ. कावूसी यांनी ते केलं. काका दोन वर्षांनी हुकले म्हण ना. आपल्याकडं यायला तर त्यानंतरही काळ गेला.

पण काका हुकले का, याचा मी हल्ली वेगळा विचार करतो. त्या चिरेमुळं काकांना कधी काही सांगावं लागलं नाही. तालमीतले पैलवान त्यांना पुढं बसवायचे. तीन महिने त्यांना कुणी घागर उचलू दिली नाही. मी चौथ्या दिवशी चालत घरी आलो. गल्लीतल्या म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "दिलंस म्हणे? काय दिसंना की."

दुर्बिणीनं दुखणं कमी केलं, हे शंभर टक्के खरं. पण दुखतंय म्हणायचा हक्कही तिनं जवळजवळ काढून घेतला. मी तुला हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच.

माझं ऑपरेशन गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर चौथ्या दिवशी झालं. म्हाळाच्या पंधरवड्यात असलं काही करायचं नाही म्हणून आई हटून बसली होती. अक्काच्या डायलिसिसला पंधरवडा कळतो होय? आठवड्यातून तीनदा चंदगडाकडून बेळगावला येणं, चार तास मशीनला, आणि परत जाताना गाडीत मान टाकून. आईला एकदा त्या गाडीतून नेलं, मग ती गप्प बसली.

आणि आलं नवरात्र, म्हणजे रताळी. ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते. गडी आला नाही, गाडी भरायची राहिली. आमच्यातलाच एक जण म्हणाला, "दुर्बिणीचं ऑपरेशन ते, धर की एका बाजूनं." लाजेकाजेनं धरलं. ओटीपोटात चर्रकन ओढ बसली आणि मी बांधावरच बसलो. डोळ्यांपुढं अंधार. दवाखान्यात नेलं. नशिबानं काही फाटलं नव्हतं, पण डॉक्टरांनी मला असं झाडलं की बाहेरच्या बाकावरची माणसंही सरळ बसली. म्हणाले, "वरची चीर लहान असंल, आतलं काम तुमच्या काकांचं होतं तेवढंच आहे. हर्निया करून घ्यायचाय काय?" सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. तुझ्या कंपनीत आत्ताच लिहून दे. "बघू, बरं वाटलं तर पंधरा दिवसांत येतो" असं साहेबाला चुकूनही सांगू नकोस. तू असलं सांगणारा आहेस म्हणून म्हणतो.

पहिले दोन दिवस कसे जातात तेही ऐक. पोटापेक्षा माझा खांदा जास्त दुखला. नर्सबाई कानडीत विचारायच्या, "नोवु इदेया?", म्हणजे दुखतंय का. मी खांदा दाखवायचो. पहिल्या रात्री मला खरंच वाटलं, यांनी माझं भलतंच काहीतरी केलंय. नंतर कळलं, फुगवलेल्या पोटातला थोडा वायू मागं राहतो, तो वर छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि तिथली नस खांद्यात बोंबलते. चालत राहिलो तसं दोन-तीन दिवसांत गेलं. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात तेव्हा शिव्या देऊ नकोस. चालायचंच. पोट साफ व्हायलाही वेळ लागतो.

आणखी एक, हे फोनवर बायकोसमोर बोलता येईना. डाव्या अंडात महिना-दीड महिना ठणका होता. घाबरून गेलो होतो, कुणाला सांगायचं? शेवटी तपासणीच्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर विचारलं. डावी किडनी काढताना तिकडून येणारी एक शीरही कापावी लागते, काही पुरुषांना त्यानं असं होतं, बहुतेकांचं हळूहळू जातं, असं म्हणाले. माझंही गेलं. आधी कुणी सांगितलं असतं तर महिनाभर झोप तरी लागली असती.

आता भीतीचं. सही करताना एक ओळ नीट वाच: रक्तस्राव झाला किंवा अडचण आली तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागेल, याला तुझी मान्यता असते. असं क्वचित होतं, पण होतं. अमेरिकेतल्या नोंदींवरून 2012 पर्यंत दहा हजार दात्यांमागं साधारण तीन जण ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत दगावायचे, आणि हा आकडा दुर्बीण आल्यावरही बरीच वर्षं फारसा हलला नाही; 2013 नंतर तो एकाच्या आसपास आला. पुढं आयुष्यात कधीतरी आपलीच उरलेली किडनी निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत नव्वदच्या आसपास, आणि तितक्याच निरोगी पण न दिलेल्या माणसांत चौदाच्या आसपास. माझ्या बायकोनं हे आकडे ऐकले आणि त्या रात्री ती जेवली नाही. "उद्या तुम्हाला लागली तर अक्का परत देणार आहे काय?" म्हणाली. ती वाईट नव्हे रे. पोरं लहान आहेत. तिला मी समजूत घालू शकलो नाही, नुसतं शेजारी बसून राहिलो. दवाखान्यात तिला वेगळं बोलावून विचारलं, तेव्हा ती "हो" म्हणाली. का म्हणाली, हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

तपासण्यांबद्दल लिहीत बसत नाही, तुझ्या चालूच आहेत. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवताना पाहुणे येणार नाहीत एवढं बघ.

कागदांचं मात्र सांगतो. आमच्यात सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. माझं आधार बेळगावचं, अक्काचं सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. रेशनकार्ड कानडीत, शाळेचा दाखला मराठीत. आमच्या बाबांचं नाव एका कागदावर यल्लाप्पा, दुसऱ्यावर येल्लप्पा, तिसऱ्यावर नुसतं वाय. आम्ही बहीण-भाऊच नव्हे असं निघालं! रक्ताच्या तपासणीत टिश्यू निम्मे जुळले, सख्ख्या भावंडांत पुष्कळदा जुळतात तसे. पण कागदांना रक्त कुठलं दिसतंय? प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचा दाखला, जुने फोटो, सगळं गोळा केलं. 1994 च्या कायद्यानं नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरतात, त्यामुळं तुमचं सोपं जाईल. पण तुमचं लग्न गावच्या देवळात लागलं, नोंदणी केलीयस का? नसेल तर उद्याच लाग. लग्नाचा अल्बम आमच्याकडं आहे असं आई म्हणते. मिळाला तर पाठवतो. त्यात तू माझाच शर्ट घातलायस.

ऑपरेशनआधी माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 0.9 होतं, आता 1.3 आहे. पहिल्यांदा रिपोर्ट बघून पोटात गोळा आला होता. पण एका किडनीवर तेवढं असायचंच. उरलेली हळूहळू मोठी होऊन दोघींच्या कामाचा सत्तर टक्क्यांपर्यंत भार उचलते. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघायचं, आयुष्यभर. यंदा मला कुणी आठवण केली नाही. अक्काच्या तारखा सगळ्या घराला पाठ, माझी माझ्याच ध्यानात नव्हती. कंबर दुखली म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळी घेतलीस तर बघ. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आपल्याला बंद. मी पाकिटात चिठ्ठी ठेवलीय: एकच किडनी आहे.

आणि वहिनींशी बोललास का? नुसतं "मी देतोय" सांगून नव्हे, त्यांना घ्यायला कसं वाटतंय ते विचारून. अक्का महिना-दीड महिना माझ्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलली नाही. मी गेलो की आत जाऊन चहा टाकायची. मला राग यायचा. मग भाऊबीजेला ओवाळताना म्हणाली, "तू मला घालायला काही आणू नकोस बाबा, आता मी काय घेऊ तुझ्याकडून?" तेव्हा मला कळलं, ओझं माझ्या पोटातून निघून कुठं गेलंय ते. मी तिला शंभर रुपये दिले आणि लाडू जास्त मागितले. यंदा तिनं भांडून पाचशे घेतले. बरं वाटलं.

तारीख ठरली की कळव. भात कापून झालं की मी इकडं मोकळाच आहे. पंधरा दिवस पुण्याला येऊन राहतो. तू नुसतं चालायचं. पिशव्या मी उचलतो, मला आता परवानगी आहे.

तुझा,
पप्या

ता. क. येताना कुंदा आणू का? वहिनींच्या डॉक्टरांना विचारून सांग. तुला नाही विचारत, तू हो म्हणशील.